घोड्यांच्या मोजणीत सापडलेले सात मुलगे

एका राज्यात, जिथं माणसं आयरिश बोलत आणि समुद्रातून उठलेलं धुकं अंगणात येऊन निजत असे, तिथं मोजलं की जिन्नस बदलायचा. एक घोडा म्हणजे 'कापल'. दोन ते सहा मोजा, घोडा पुढून मऊ पडून 'खापल' व्हायचा, नुसता उसासा. सात ते दहा मोजा की 'गापल'. तोंडाला ग्रहण लागे आणि वर दुसरंच तोंड चढे. कळप मात्र कधी व्हायचा नाही. दहातला प्रत्येक घोडा एकटाच. मोजलेल्या जिनसांपुढं एक पक्षी चाले: एका-दोनांपुढं 'आन' नावाचा, तिनापासून 'ना' नावाचा. असंच होतं ते, कारण विचारू नका.

माणसांची मोजणी वेगळी. ती हाताला हात लावून करायची: दोघं, तिघं, सातजण.

राजा दुनगल आडमुठा. लढाईची घाई, म्हणून घोडे मोजता मोजता त्याच काठीनं त्यानं स्वतःचे मुलगेही मोजले. "सात," म्हणाला. झालं. सातही जणांवर घोड्याची एकसारखी करडी तोंडं चढली आणि 'ना' पक्षी त्यांच्यापुढं येऊन बसला.

चेटकीण बेविन म्हणाली, "सूर्य बुडायच्या आत तीन कामं कर, नाहीतर ही तोंडं कायमची. पक्षी उठव. काठी टाक. मग एकेकाचा हात धरून नाव घे."

राजा पक्ष्याला म्हणाला, "ऊठ."

"मी जिनसांपुढं बसतो. ही कोण?"

"माझी पोरं."

"मघाशी नव्हती वाटतं," म्हणत पक्षी उडाला.

काठी त्यानं समुद्रात टाकली. ती बुडाली नाही. पाण्यावरून चालत निघून गेली.

मग हात. भाजलेला अंगठा थोरल्याचा. वल्ह्याचे घट्टे मधल्याचे. अशी सहा नावं झाली. सातवा हात थंड, मऊ. सूर्य पाण्याला टेकला. राजाला याचं नाव आठवेना. हा हात त्यानं कधी धरलाच नव्हता.

"ठोकून दे काहीतरी," बेविन म्हणाली. "राजे तेच करतात."

राजा वाळूत बसला. "मला ठाऊक नाही," म्हणाला. "बाळा, तुझं नाव काय?"

घोड्याला असं कुणी विचारत नाही. सातही करडी तोंडं धुक्यासारखी विरली.

"लोर्कन," धाकटा म्हणाला. "तुम्हीच ठेवलंत, आबा."

त्या दिवशी लढाईला कुणी गेलं नाही. तिथं घोडे अजून गापल होतात. माणसं होत नाहीत.