राजाच्या शिक्क्याचा दंगा

पाठशाळेत पोरं हसली आणि तांबगडचे रणधीरराजे खवळले!

तसं हसण्यासारखंच घडलं होतं. राजे आले होते ‘शिस्त’ या विषयावर भाषण करायला. भाषण रंगात आलं, राजांनी जोरात मान हलवली आणि हिऱ्यामोत्यांनी जड झालेली पगडी सर्रकन घसरून नाकावर बसली. राजे तरीही बोलतच राहिले! पगडीच्या आतून ‘शिस्त! शिस्त!’ असा घुमणारा आवाज येऊ लागला. मग पोरांनी काय करावं? सगळी शाळा खोखो हसली. पंतोजींनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला म्हणून ते वाचले.

राजांनी पगडी वर ढकलली. चेहरा लालबुंद!

“उद्या सूर्य मावळायच्या आत या शाळेला एक नियम लावा. असा नियम, की एकाही पोराकडून तो मोडता कामा नये! मोडला, तर शाळेला कुलूप. इथे माझे घोडे बांधीन. घोडे निदान हसत तरी नाहीत!”

“महाराज, घोडेसुद्धा कधीकधी...” पंतोजी बोलून गेले आणि उरलेलं वाक्य गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात राजांसाठी आणि प्रधानजींसाठी चौरंग मांडले. गावातले आईबापही कुंपणाशी येऊन उभे राहिले. शाळा गेली तर पोरं दिवसभर घरात, या विचारानंच निम्म्यांना घाम फुटला होता.

आधी प्रधानजी पुढे झाले. “नियम असा, की शाळेत कुणी हलायचं नाही!”

पोरं दगडासारखी बसली. एक माशी आली, या नाकावरून त्या नाकावर फिरली आणि सगळी रांग कणसांसारखी डोलायला लागली. नियम मोडला!

मग राजशास्त्री उठले. “हलायला हरकत नाही, पण शाळेत कुणी बोलायचं नाही. समजलं का?”

“होऽऽ!” सगळी शाळा एका सुरात ओरडली.

तोही मोडला! राजांनी सेवकाला हाक मारली. “कुलूप आण रे. आणि तबेल्यात निरोप धाड.”

तेवढ्यात कुंपणाशी बांगड्या किणकिणल्या. “थांबा महाराज, मी सांगते नियम!”

ती होती ठकूबाई कासारीण. गावोगाव बांगड्या भरणारी, खांद्यावर बांगड्यांची माळ आणि तोंडाला उसंत नाही. तिची नात यमी याच शाळेत शिकत होती. घरात अक्षर ओळखणारी ती पहिलीच. यमीनं पाटीवर गिरवलेलं ‘ठकू’ ठकूबाईनं साऱ्या आळीला फिरून दाखवलं होतं. त्या शाळेत आता घोडे बांधणार? ठकूबाईचा आवाज खणखणीत होता.

“तू? तू नियम करणार?” शास्त्री फिस्कारले. “बाई, नियम म्हणजे काय बांगडी आहे?”

“बांगडीच की हो, शास्त्रीबुवा! माप न बघता चढवली तर फुटायचीच. तुमची आत्ताच फुटली, आवाज नाही आला?”

कुंपणाशी खसखस पिकली. राजांनी ओठ दाबले. “बोल बाई. पण अट ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे जी. एकाही पोराकडून मोडता कामा नये, एवढीच ना? आणिक काही नाही?”

“एवढीच!”

“मग लिहा आणि शिक्का मारा. नियम असा : शाळेत ज्याला जितका हवा, तितका त्यानं दंगा करावा!”

प्रधानजींची लेखणी अडखळली. पण राजांना गंमत वाटली. त्यांनी शिक्का उठवला, धप्प!

आणि मग जे काही सुरू झालं म्हणता! कुणी कोलांट्या मारल्या, कुणी कोंबडा होऊन आरवलं, कुणी प्रधानजींच्या चौरंगाचा ढोल केला. शास्त्रीबुवांची शेंडी कुणी ओढली ते आजवर कळलेलं नाही.

“अगं बाई, ही शिस्त?” राजे कानांवर हात ठेवून ओरडले.

“यापरती शिस्त कुठली महाराज? एक तरी पोर नियम मोडताना दाखवा!”

राजे हट्टी. त्यांनी नजर फिरवली आणि एकदम टाळी वाजवली. “ती बघ! खांबाजवळची ती मुलगी. सगळे नाचताहेत आणि ती एकटी पाटीवर गिरवत बसलीय. कुठाय तिचा दंगा? मोडला नियम! लावा कुलूप!”

पंतोजींनी कपाळाला हात लावला. खांबाजवळ यमी बसली होती! ठकूबाईचीच नात!

ठकूबाई तिच्यापाशी गेली. “यमे, तुला किती दंगा हवाय गं?”

यमीनं मान वर केली. “मला नकोय. माझा ‘ज्ञ’ अजून वाकडा येतोय.”

“ऐकलंत महाराज? ज्याला जितका हवा तितका! तिला हवा तेवढा ती पुरेपूर करतेय. नाहीच हवा तिला!”

राजांनी शिक्क्याकडे पाहिलं, यमीकडे पाहिलं. तेवढ्यात एक धटिंगण पोरगा कोलांटी अर्धवट सोडून पंतोजींपाशी आला. “गुरुजी, आता पुरे झालं. धडा कधी घेणार?”

“ह्याला काय झालं?” राजांनी विचारलं.

“काही नाही जी,” ठकूबाई म्हणाली, “सांगून सवरून दंगा करायचा म्हणजे गृहपाठच की तो!”

राजे असे हसले, असे हसले, की चौरंगावरून खालीच बसले. कुलूप परत गेलं. पंतोजींना शाल मिळाली, आणि राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून कासारणीपुढे धरलं. “घे ठकूबाई! आणखी काय हवं ते माग.”

“मग मलाही शाळेत घाला महाराज,” कडं मनगटात सारत ठकूबाई म्हणाली. “जन्मभर दंगा केला, पण राजाच्या शिक्क्यानिशी करायची आता हौस आलीय!”