करपलेली भाकरी

"...पण बुवा, मन चारी दिशांना एकाच वेळी जागं कसं ठेवायचं, तेवढं सांगा."

विसाजी तांबट सकाळपासून नदीकाठच्या मठात बसून अमृतबुवांना हेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

त्याचे हंडे चार तालुक्यांत जात. ठोक्याशेजारी ठोका, एकही वाकडा नाही. कामात असताना कानाशी ढोल बडवला तरी आपली मान वर होत नाही, हे तो स्वतःच चारचौघांत सांगे.

परवा दुपारी तसंच झालं. तो हंडा ठोकत होता, आणि दहा हातांवर त्याची आईवेगळी लेक मैना, तीन वर्षांची, अंगणातल्या हौदात पडली.

"ओरडली असेल हो ती... मला ऐकूच आलं नाही."



"बाहेर कुणी काढलं?" बुवांनी विचारलं.

"शेजारच्या हमीदाबीनं. कुंपणावरून उडी टाकून आली. गुडघे सोलवटले बिचारीचे."

"ती हौदाकडे लक्ष ठेवून होती?"

"छे हो! चुलीपुढे बसली होती, भाकऱ्या थापत. म्हणाली, कामात मन लागेना... उगाच नजर खिडकीबाहेर गेली."

"आणि तव्यावरची भाकरी?"

"करपली की. पार कोळसा झाला."

बुवांनी डोळे मिटले. हात जोडले, वाकून जमिनीला कपाळ टेकवलं...

विसाजीनं मागं वळून पाहिलं. मठात दुसरं कुणीच नव्हतं.

"कुणाला नमस्कार केलात, बुवा?"

"त्या भाकरीला."

विसाजी हसायला गेला. हसू फुटेना. परवापासून डोळ्यांत अडलेलं पाणी घळाघळा वाहू लागलं.

"मी हमीदाबीशी दोन शब्दसुद्धा धड बोललो नाही, बुवा. लाज वाटली... तुमच्याकडे उपाय मागायला आलो, पण तिच्या दारात उभा राहिलो नाही."

बुवांनी त्याला रडू दिलं.

"मैना आत्ता कुठं आहे?"

"हमीदाबीच्याच ओसरीवर. सकाळी तीच येऊन घेऊन गेली. खेळत असेल."

"इथं आल्यापासून तुझं लक्ष माझ्यावरून एकदाही ढळलं नाही..." बुवा हळूच म्हणाले. "ते कुणाच्या जिवावर, विसाजी?"