डावी आणि उजवी स्प्रिंग

मोटरसायकली अजून किक मारूनच सुरू व्हायच्या, त्या काळची गोष्ट. गुरांचे डॉक्टर धोपटे यांच्या गाडीला पुढे दोन स्प्रिंगा होत्या. डावी थकून बसली, तेव्हा ती उजवीला म्हणाली, "कुणाला कळू देऊ नकोस गं, मला काढून टाकतील." उजवीने तिचाही भार निमूटपणे उचलला. शेवटी एका उतारावर, खड्ड्यात उजवी तुटली. डॉक्टर पडले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला.

मेकॅनिक रज्जाकने नवी जोडी बसवली आणि जुन्या दोघींना भंगारात टाकलं. "साहेब, आधी दाखवायची होती गाडी," तो हळहळला.

"मला काही जाणवलंच नाही रे," डॉक्टर कुबडीवर रेलत म्हणाले.

भंगारात डावी रडू लागली. "किती सांभाळलंस तू मला!"

"सांभाळलं नाही गं," उजवी म्हणाली. "नुसतं झाकलं."