जसिंताचा कोपरा

चपला काढू नका, हे देवस्थान नाही. चिंचेखालचा हा छातीइतका उंच दगडी ओटा ओझी टेकवायला रचलेला आहे. वाडीत कुणी वारलं की दफनभूमीकडे नेताना शवपेटीही इथे टेकवतात, आणि परत उचलताना तिघेच उचलतात. मागचा डावा कोपरा मोकळा राहतो. त्याला आम्ही जसिंताचा कोपरा म्हणतो. मागे एका पाहुण्याने मदतीच्या भरात तिथे हात घातला, तर साऱ्या म्हाताऱ्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

असे सांगतात की फार पूर्वी या वाडीत कोंसू आणि जसिंता अशा दोन जिवलग मैत्रिणी होत्या. दोघी वांगी-केळी विकायला खाडीच्या होडीने बाजाराला जायच्या. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. या चिंचेखाली जसिंता आधी कोंसूची पाटी चढवून द्यायची. मग कोंसू एका हाताने आपली पाटी सावरून दुसरा हात जसिंताच्या पाटीला लावायची. हे इतकं रोजचं होतं की त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

एके दिवशी ओहोटी लागली होती. कोंसूची पाटी चढवून झाल्यावर जसिंता म्हणाली, "जरा दम खाऊ दे गं, अंगात कसकस आहे."

"होडी चुकेल. तू ये मागून," कोंसू म्हणाली आणि निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही म्हणे. जसिंताने पाटी एकटीनेच उचलली. बाजारही केला. तिसऱ्या दिवशी ती तापाने गेली.

त्या साली ताप घरोघरी होता. कोंसूला कुणी बोल लावला नाही. ती रडली नाही. मूठभर माती टाकून घरी आली, वांगी तोडली, पाटी भरली आणि चिंचेखाली येऊन उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्या बाया विचारायच्या, "देऊ का हात?" ती पाटीला हात लावू द्यायची नाही. होडी सुटायची, वांगी सुकायची. असे कितीतरी दिवस गेले. आपल्याला दुःख होतंय की नाही, हे तिलाही कळत नसावं.

शेवटी पाद्रीबाबा आले. म्हणाले, "प्रभूवर भरवसा ठेव, बाई. शेवटच्या दिवशी तुमची भेट होईल."

कोंसूने विचारलं, "तिथे पाट्या असतात?"

"नाही. तिथे कुणावर ओझं नसतं."

"मग मी तिला हात कधी लावू?"

पाद्रीबाबा तिच्या पाटीशेजारी उभे राहिले. तेवढ्यात वाडीतली एक बाई पाटी घेऊन आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आत्ता हिला लाव. जसिंता बघत असेल."

कोंसूने हात लावला. पुढे तीस वर्षं ती रोज सकाळी इथे उभी राहून येईल तिची पाटी चढवून द्यायची. प्रेतयात्रा इथे खांदा बदलायला थांबली की पेटीलाही हात लावायची आणि गेलेल्या माणसाला हळूच सांगायची, "जसिंता भेटली तर सांग, मी येतेय." वय झालं, हात डोक्यापर्यंत जाईनात, तेव्हा तिने खाडीतून एकेक दगड आणून हा ओटा रचला. आपल्यामागे कुणाचं अडू नये म्हणून.

ती गेली तेव्हा या ओट्यावर पहिली पेटी तिचीच टेकली. उचलायला चौघे पुढे झाले. मागच्या डाव्या कोपऱ्याचा माणूस घाम पुसत होता. त्याचा हात लागायच्या आधीच पेटी उठली म्हणे, जराही न कलता.

आजही तो कोपरा मोकळा ठेवतात. पेटी उठली की गेलेल्याचा जवळचा मित्र तिथे खांदा देतो. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझ्या मित्राला, बस्त्यावला, इथून नेला. साठ वर्षांची सोबत. खरं सांगतो, पेटी कललेली मला दिसली आणि खांद्यावर भरपूर ओझं आलं. चमत्कार काही दिसला नाही, रडूही आलं नाही. तरी पेटीजवळ तोंड नेऊन म्हटलं, "बस्त्याव, मी येतोय. हात लावायला थांब."