घुशीसाठी गव्याचं माप

डोंगरातले गवे पलीकडच्या रानात निघून गेले, त्यानंतरची गोष्ट. गव्यांसाठी घेतलेली येसाजीची थोरली बंदूक खुंटीवर बसून खात होती, तेही तेल. एके दिवशी येसाजी बंदुकीला म्हणाला, "मावशी, घुशी भुईमूग संपवताहेत. आज एक तरी पाडा, नाहीतर तुमच्या खुंटीवर गोफण टांगतो."

तो घरीच काडतूस भरायला बसला. घुशीला पुरेल अशी हलकी, पातळ सालीची गोळी त्याने निवडली. गोळी हळूच म्हणाली, "मावशी, मी नाजूक आहे. दारू बेतानं घालायला सांगा."

बंदुकीला ते लागलं. "चिमूटभर दारूवर वाजायला मी काय लवंगी फटाका आहे? येसाजी, गव्याचं माप घाल."

त्याने घातलं. शेतात बार असा झाला की डोंगर दोनदा घुमला. पण त्या वेगाने गोळीचा वाटेतच भुगा झाला.

समोरची घूस शेंग धरून थांबली. "मावशी, काही हरवलं का?"

"हो बाई," बंदूक म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. "गोळी गेली, आता खुंटीही जाईल. आवाज तेवढा कसा होता, ते सांग."

"आवाज छान होता," घूस म्हणाली आणि तिने शेंग फोडली.