मल्हारीने धरलेला सूर

डोंगरापलीकडच्या एका गावात मल्हारी नावाचा एक सनईवाला राहत होता. त्याचा दम साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. जत्रेत देवीच्या पालखीपुढे वाजवायचा मान त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तो मान आपल्या दमावरच टिकून आहे, असं मल्हारीला वाटे. देवीला काय वाटे, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्याचा चुलतभाऊ तानबा दुसऱ्या सनईवर सूर धरायचा. म्हणजे मल्हारी ताना घेत असताना एकच स्वर, न हलता, शेवटपर्यंत वाजवत राहायचा. मल्हारी त्याची थट्टा करी, की तुला खुंटीला टांगलं तरी तू वाजशील. तानबा हसे आणि सूर धरी.

मल्हारीच्या बायकोला, सुंदराला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. सारं घर हरखलं. पण शहरातल्या इस्पितळात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक होतं. त्यातून आतडी वर छातीत शिरली होती. फुप्फुसांना वाढायला जागाच उरली नव्हती आणि एवढ्याशा फुप्फुसांवर मूल जगणं कठीण होतं. ज्याच्या दमाची एवढी कीर्ती, त्याच्याच लेकराला श्वास पुरणार नाही, हे ऐकून मल्हारीने एवढंच विचारलं, की यावर काही इलाज आहे का.

डॉक्टरीणबाईंनी एक उपाय सांगितला. आईच्या पोटातून बारीक नळी घालून बाळाच्या श्वासनलिकेत इवलासा फुगा बसवायचा. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी तयार होत असतं आणि ते घशावाटे बाहेर पडतं. वाट बंद केली की ते आत साठतं आणि फुप्फुसांना ताणून वाढवतं. तोवर बाळाला नाळेतून सगळं मिळतच असतं. मात्र जन्माआधी फुगा काढायलाच हवा, नाहीतर श्वासच कोंडेल, म्हणून तो निघेपर्यंत इस्पितळापासून लांब जायचं नाही. यश येईलच, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मल्हारीला त्यातलं एक चटकन पटलं. गालात वारा साठवल्याशिवाय सनईसुद्धा अखंड वाजत नाही.

फुगा बसला. नवराबायको इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत राहू लागले. पहिल्या तपासणीत फारसा फरक दिसला नाही. पुढच्या तपासणीत मात्र डॉक्टरीणबाई हसल्या. फुप्फुसं वाढत होती. मल्हारी बाहेर येऊन खांबाला धरून रडला.

आणि इथेच त्याचं डोकं फिरलं. माणूस संकटात एक वेळ शहाण्यासारखा वागतो, पण चांगली बातमी त्याला पचत नाही. जत्रा तोंडावर आली होती. सासूबाई हौसाबाईंचा निरोप आला, की पहिलटकरणीची ओटी माहेरीच भरतात, आता सगळं बरं आहे तर लेकीला दोन दिवस घेऊन या. गावच्या पंचांनीही कळवलं, की पालखी कुणासाठी थांबत नाही, तू आला नाहीस तर पुढे तानबा वाजवेल. आपल्या जागी तानबा, हे मल्हारीला सहन होईना. फुप्फुसं तर वाढली, मग दोन दिवसांनी काय बिघडतं? त्याने गाडी ठरवली आणि पिशवी भरायला घेतली.

सुंदरा खाटेवरून उठली नाही.

"बाळाच्या गळ्यात अजून फुगा आहे," ती म्हणाली. "घाटात कळा सुरू झाल्या तर तो तुम्ही काढणार?"

"अगं, पण बाळाची छाती भरतेय ना आता."

"भरतेय, कारण आपण इथं थांबलोय. तुमच्या ताना रंगल्या म्हणून तानबाभाऊजींनी कधी मधेच सूर सोडलाय?"

इतकी वर्षं ज्याची थट्टा केली, त्याचं काम आज मल्हारीच्या वाट्याला आलं होतं आणि ते त्याला जड जात होतं. त्याने गाडी परत पाठवली. मग तानबाला फोन लावला.

"औंदा पालखीपुढं तू वाजव," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हौसाबाई रागावल्या, चार ठिकाणी जावयाच्या नावाने खडे फोडले. मग स्वतःच नारळ-खण घेऊन शहरात आल्या आणि धर्मशाळेतच लेकीची ओटी भरली.

जत्रेच्या दिवशी सकाळी, अजून दिवस भरायचे असताना, सुंदराला कळा सुरू झाल्या. गावात पालखी उचलली जात होती, तेव्हा तिला इस्पितळात नेत होते. इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून वेळ मिळाला. आधी फुगा निघाला, मग मुलगी जन्मली.

ती रडली नाही. डॉक्टरांनी लगेच तिच्या घशात श्वासाची नळी घातली. तब्येत जरा स्थिरावल्यावर आतडी खाली घेऊन पडद्याचं भोक शिवलं. कधी आशा वाटे, कधी धास्ती. मल्हारी रोज काचेपलीकडे उभा राही. शेवटी एका दुपारी नळी काढली आणि आतून बारीक, घोगरं रडणं ऐकू आलं. इतकं बेसूर काही ऐकून तो जन्मात कधी एवढा सुखावला नव्हता.

पुढच्या जत्रेत पंचांनी मल्हारीचा मान त्याला परत देऊ केला. त्याने तानबाच्या हातातली सूर धरायची सनई घेतली आणि आपली त्याला दिली.

"ताना तू घे," तो म्हणाला. "मी सूर धरतो."

पालखी हलली. तेवढ्यात हौसाबाईंच्या कडेवरच्या नातीने असं भोकाड पसरलं, की तानबाची तान मधेच चुकली. लोक हसले. मल्हारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याचा सूर हलला नाही.

तात्पर्य: वाढ दिसू लागली म्हणून हात काढून घेऊ नये, शेवटपर्यंत धरून राहायलाच खरा दम लागतो.