दांड्याचं उत्तर

अवजारं आणि जनावरं बोलायची आणि माणसं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायची, त्या काळातली ही गोष्ट. लखमा शिकारी तीन दिवसांसाठी रानात निघाला होता. खुंटीवरची छोटी कुऱ्हाड हातात घेऊन त्याने विचारलं, "काय रे दांड्या, उन्हाळ्यात सुकून सैल तर झाला नाहीस? घट्ट व्हायला दिवसभर पाण्यात भिजतोस, की येतोस?"

आपण सैल झालोय अशी दांड्याला शंका होती. पण भिजत पडलो तर लखमा दुसरी कुऱ्हाड नेईल, ही भीती त्याहून मोठी होती. "घट्ट आहे, दादा," तो म्हणाला.

"बघ हं!" लखमाची कुत्री तांबू हसली. "गेल्या खेपेला किती कुरकुरत होतास!"

संध्याकाळी मुक्कामावर लखमा लाकडं फोडू लागला. तिसऱ्या घावाला पातं निसटलं आणि शेजारी बसलेल्या तांबूला लागलं. ती पुन्हा उठली नाही.

लखमाने तांबूला पुरलं आणि पातं पुन्हा बसवून दांडा ओढ्यात भिजत ठेवला. दांडा फुगला, पात्यात घट्ट बसला. आता तो खरं सांगायला तयार होता. पण लखमाने त्याला पुन्हा कधीच काही विचारलं नाही. आधी भिजवायचा, मगच उचलायचा.